भिन्न कालखंडांतील कसोटी फलंदाजांची तुलना

भिन्न कालखंडांतील कसोटी फलंदाजांची तुलना हा क्रिकेटचा इतिहास आणि क्रीडासांख्यिकी या दोहोंच्या सीमेवरचा अभ्यासविषय आहे. एकमेकांच्या काळात कधीही न खेळलेल्या फलंदाजांपैकी श्रेष्ठ कोण, हे ठरवताना धावांची सरासरी, शतकांचे प्रमाण, प्रतिस्पर्धी गोलंदाजीचा दर्जा, खेळपट्ट्या, नियम आणि खेळाची साधने यांचा विचार त्यात केला जातो. महाराष्ट्रात ही चर्चा प्रामुख्याने विजय मर्चंट, विजय हजारे, सुनील गावसकर आणि सचिन तेंडुलकर या चार फलंदाजांभोवती फिरते. मर्चंट यांची पहिली कसोटी डिसेंबर १९३३ मधील, तर तेंडुलकर यांची अखेरची नोव्हेंबर २०१३ मधील. त्यामुळे सुमारे ऐंशी वर्षांचा पट या चौघांनी व्यापला आहे. सी. के. नायडू, दि. ब. देवधर, पी. विठ्ठल व भाऊसाहेब निंबाळकर यांच्यासारखे जे फलंदाज कसोटी क्रिकेट फारच थोडे खेळले किंवा मुळीच खेळले नाहीत, त्यांचे स्थान कोणते, हा या विषयातील अधिक अवघड आणि बहुधा दुर्लक्षित राहिलेला भाग आहे.

सरासरी आणि तिच्या मर्यादा

फलंदाजाची सरासरी म्हणजे त्याच्या एकूण धावांना तो जितक्या डावांत बाद झाला त्या संख्येने भागून येणारा आकडा. नाबाद डाव भाजकात धरले जात नाहीत. या हिशेबाने मर्चंट यांची कसोटी सरासरी ४७.७२ (१० सामने, ८५९ धावा), हजारे यांची ४७.६५ (३० सामने, २,१९२ धावा), गावसकर यांची ५१.१२ (१२५ सामने, १०,१२२ धावा) आणि तेंडुलकर यांची ५३.७८ (२०० सामने, १५,९२१ धावा) आहे. ऑस्ट्रेलियाचे डॉन ब्रॅडमन यांची ९९.९४ ही सरासरी (५२ सामने, ६,९९६ धावा) या सर्वांहून इतकी वेगळी आहे की, तुलनेच्या कोणत्याही पद्धतीत पहिला क्रमांक त्यांच्याकडेच जातो. खरा वाद दुसऱ्या क्रमांकापासून सुरू होतो.

सरासरी हा सर्वांत सोयीचा निकष असला, तरी थोड्या सामन्यांवरून काढलेली सरासरी फार हलती असते. मर्चंट कसोटीत केवळ अठरा डाव खेळले आणि प्रत्येक डावात बाद झाले. त्यांच्या अखेरच्या डावातील १५४ धावा (दिल्ली, नोव्हेंबर १९५१) वगळल्या, तर त्यांची सरासरी ४१.४७ वर येते. एका डावाने सहाहून अधिक धावांचा फरक पडतो. तेंडुलकर यांच्या सर्वोच्च २४८ नाबाद धावा वगळल्या, तर त्यांची सरासरी जेमतेम पाऊण ते एका धावेने उतरते. पहिला आकडा एका फलंदाजाच्या अठरा दिवसांची नोंद आहे, दुसरा त्याच्या आयुष्याची, असे म्हटले तरी चालेल.

विनोद कांबळी यांचे उदाहरण याच संदर्भात नेहमी दिले जाते. १७ कसोटींत १,०८४ धावा करणाऱ्या कांबळी यांची सरासरी ५४.२० आहे, म्हणजे त्यांचे शालेय सहकारी तेंडुलकर यांच्याहून किंचित अधिक. सरासरीच्या याद्या तयार करताना किमान वीस डावांची अट सहसा घातली जाते. कांबळी एकवीस डाव खेळले असल्याने त्या यादीत येतात, आणि अठरा डाव खेळलेले मर्चंट बाहेर राहतात. अट गैर नाही, पण ती पूर्ण करण्याची संधी प्रत्येक पिढीला सारखी मिळाली नव्हती. भारताने पहिली कसोटी जून १९३२ मध्ये लॉर्ड्‌सवर खेळली आणि १९४६ अखेरपर्यंत भारताच्या वाट्याला एकूण दहाच कसोटी आल्या. त्यांपैकी नऊ सामने मर्चंट खेळले.

सरासरीऐवजी दर शतकामागे किती डाव लागले हे पाहिले, तर चित्र वेगळे दिसते. मर्चंट यांना एका शतकासाठी सरासरी ६ डाव लागले, गावसकर यांना ६.३, तेंडुलकर यांना ६.४५ आणि हजारे यांना ७.४. ऐंशी वर्षांच्या अंतरात खेळाचे जवळजवळ सर्व काही बदलले, तरी हे प्रमाण इतके जवळजवळ राहिले ही लक्षणीय बाब आहे. (ब्रॅडमन यांचा आकडा २.७६ आहे.)

मर्चंट आणि हजारे

मर्चंट मुंबईच्या गुजराती व्यापारी कुटुंबातले, तर हजारे सांगलीच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातले. त्यांच्या कारकिर्दीतील उमेदीची वर्षे दुसऱ्या महायुद्धात गेली. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर भारताचा पुढील कसोटी सामना थेट १९४६ मध्ये झाला. ऑस्ट्रेलिया व इंग्लंडमध्ये प्रथम श्रेणी क्रिकेट युद्धकाळात जवळपास थांबले होते. भारतात मात्र रणजी करंडक आणि मुंबईतील पंचरंगी सामने सुरू राहिले. त्यामुळे या दोघांच्या मोठ्या खेळ्या कसोटीच्या नोंदींबाहेर आहेत. १९४३-४४ च्या पंचरंगी अंतिम सामन्यात मर्चंट यांनी हिंदू संघाकडून नाबाद २५० धावा केल्या. त्यास उत्तर देताना हजारे यांनी 'रेस्ट' संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्याने केल्या. त्याच हंगामात मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध रणजी सामन्यात नाबाद ३५९ धावा केल्या. रणजी स्पर्धेतील त्यांची सरासरी ९८.७५ आहे, आणि एकूण प्रथम श्रेणी सरासरी ७१.६४.

या आकड्यांवर एक आक्षेप रास्तपणे घेतला जातो. ब्रेबॉर्न स्टेडियमची त्या काळातील खेळपट्टी फलंदाजांना अत्यंत अनुकूल होती आणि सामने अनेक दिवस चालत. मात्र हाच आक्षेप १९४६ च्या दौऱ्याला लागू पडत नाही. त्या पावसाळी उन्हाळ्यात, इंग्लंडच्या झाकल्या न जाणाऱ्या ओल्या खेळपट्ट्यांवर, मर्चंट यांनी दौऱ्यातील प्रथम श्रेणी सामन्यांत ७४.५३ च्या सरासरीने २,३८५ धावा केल्या. ओव्हल कसोटीत त्यांनी १२८ धावा काढल्या. प्रकृतीच्या कारणाने १९४७-४८ चा ऑस्ट्रेलिया दौरा त्यांना करता आला नाही, आणि ब्रॅडमन यांच्याविरुद्ध ते कधीच खेळले नाहीत.

हजारे मात्र खेळले. जानेवारी १९४८ मधील ॲडलेड कसोटी हे दोन फलंदाजांना एकाच खेळपट्टीवर पाहण्याचे दुर्मीळ उदाहरण आहे. ब्रॅडमन यांनी २०१ धावा केल्या आणि ऑस्ट्रेलियाने ६७४ चा डोंगर उभा केला. हजारे यांनी लिंडवॉल व मिलर यांच्या माऱ्यासमोर पहिल्या डावात ११६ आणि दुसऱ्या डावात १४५ धावा केल्या. एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्या डावात लिंडवॉल यांनी सात बळी घेतले, भारताच्या एकूण धावा २७७ झाल्या, म्हणजे निम्म्याहून अधिक धावा एकट्या हजारे यांच्या होत्या. भारत एक डाव व १६ धावांनी हरला. सरासरीच्या आकड्यात ही दोन शतके आणि एखाद्या दुबळ्या संघाविरुद्धची दोन शतके यांत काहीही भेद राहत नाही.

गावसकर आणि तेंडुलकर

या दोघांची तुलना करताना एका बाजूला हेल्मेटविना खेळलेली वेस्ट इंडिजची वेगवान गोलंदाजी आणि दुसऱ्या बाजूला शंभर आंतरराष्ट्रीय शतके, अशी मांडणी सर्रास केली जाते. दोन्ही विधाने खरी असूनही पुरेशी नाहीत.

गावसकर यांनी वेस्ट इंडिजविरुद्ध २७ कसोटींत १३ शतकांसह ६५.४५ च्या सरासरीने २,७४९ धावा केल्या. या तेरा शतकांपैकी चार शतके १९७१ च्या पदार्पणाच्या मालिकेतील आहेत. त्या मालिकेत त्यांनी चार सामन्यांत ७७४ धावा केल्या. परंतु तेव्हा हॉल व ग्रिफिथ ही वेगवान जोडी निवृत्त झाली होती आणि पुढे प्रसिद्ध झालेला चौफेर वेगवान मारा अद्याप घडायचा होता. आणखी चार शतके १९७८-७९ मधील आहेत. त्या वेळी वेस्ट इंडिजचे प्रमुख खेळाडू केरी पॅकर यांच्या स्पर्धेत गुंतले होते. म्हणजे तेरांपैकी आठ शतके तुलनेने सौम्य माऱ्यासमोरची आहेत. उरलेली पाच मात्र निःसंशय कठीण परिस्थितीतील आहेत. १९७६ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे ४०३ धावांचा यशस्वी पाठलाग करताना केलेले १०२, आणि १९८३ मध्ये मद्रास येथे भारताची धावसंख्या शून्य व बळी दोन अशी असताना मैदानात येऊन केलेले नाबाद २३६, ही त्यांतील ठळक. याच १९८३-८४ च्या मालिकेत कानपूरला मार्शल यांच्या चेंडूने त्यांच्या हातातली बॅट उडाली होती, हेही नोंदवले पाहिजे. पदार्पणातील ७७४ धावांचे मोल यामुळे कमी होत नाही. फक्त त्या धावा मार्शल आणि होल्डिंग यांच्याविरुद्धच्या म्हणून सांगितल्या जातात, ते चूक आहे.

तेंडुलकर यांच्या आकड्यांनाही अशीच चाळणी लावता येते. बांगलादेशाविरुद्ध ७ कसोटींत ८२० धावा (सरासरी १३६.६६, ५ शतके) आणि झिंबाब्वेविरुद्ध ९ कसोटींत ९१८ धावा (सरासरी ७६.५०, ३ शतके) त्यांनी केल्या. या सोळा कसोटी वगळल्या तर उरलेल्या १८४ सामन्यांतील सरासरी सुमारे ५१ येते, म्हणजे गावसकर यांच्या सरासरीशी जवळजवळ तंतोतंत जुळते. गावसकर यांच्या काळातही नवखा संघ होताच. १९८१ मध्ये कसोटी दर्जा मिळालेल्या श्रीलंकेविरुद्ध त्यांची १५५ व १७६ धावांची दोन शतके आहेत. त्यामुळे चाळणी एकालाच लावणे न्याय्य ठरत नाही.

परदेशातील कामगिरीत दोघेही मायदेशापेक्षा सरस आहेत. गावसकर यांची मायदेशी सरासरी ५०.१६ व परदेशी ५२.११, तर तेंडुलकर यांची अनुक्रमे ५२.६७ व ५४.७४ आहे. 'आपले फलंदाज घरच्या खेळपट्टीवरचे वाघ' हा जुना समज निदान या दोघांपुरता निराधार आहे.

सर्वांत मोठा फरक चौथ्या डावात दिसतो. पाचव्या दिवसाच्या झिजलेल्या खेळपट्टीवर गावसकर यांची सरासरी ५८.२५ (१,३९८ धावा, ४ शतके) आहे. १९७९ मध्ये ओव्हलवर ४३८ धावांच्या लक्ष्यामागे केलेले २२१ हे त्यांतले सर्वांत मोठे. तो सामना भारताच्या ८ बाद ४२९ वर अनिर्णित संपला. तेंडुलकर यांची चौथ्या डावातील सरासरी ३६.९३ (१,६२५ धावा, ३ शतके) आहे. तरी २००८ मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध ३८७ धावांचा पाठलाग पूर्ण करणारे नाबाद १०३ त्यांचेच. सलामीला येऊन नव्या चेंडूला सामोरे जाणे हेही गावसकर यांच्या बाजूचे पारडे जड करते. उलट, तेंडुलकर यांनी सोळाव्या वर्षी वसीम अक्रम व वकार युनुस यांच्यासमोर पदार्पण केले, अठराव्या वर्षी पर्थच्या उसळत्या खेळपट्टीवर ११४ धावा केल्या आणि सदतिसाव्या वर्षी केपटाऊनला डेल स्टेन यांच्या माऱ्यासमोर १४६ धावा केल्या. इतका दीर्घ काळ हा दर्जा टिकवण्याचे, आणि त्याच वेळी ४६३ एकदिवसीय सामने खेळण्याचे, उदाहरण त्यांच्या आधी नव्हते. खुद्द ब्रॅडमन यांना तेंडुलकरांच्या खेळात आपल्या खेळाचे साम्य दिसले होते. ते श्रेष्ठत्वाचे प्रमाणपत्र नव्हते, शैलीविषयीचे निरीक्षण होते.

खेळपट्टी: नागपूरचे उदाहरण

खेळपट्ट्या काळानुसार बदलतात असे म्हणताना त्या एकाच मैदानावर दोन-तीन वर्षांतही किती बदलतात, हे विसरले जाते. यवतमाळसह विदर्भातील प्रेक्षकांना कसोटी सामना पाहण्याचे सर्वांत जवळचे ठिकाण असलेल्या नागपूरजवळील जामठा येथील मैदान याचे चांगले उदाहरण आहे. डिसेंबर २०१२ मध्ये तेथे इंग्लंडविरुद्धचा सामना अत्यंत संथ खेळपट्टीवर पाच दिवस रखडून अनिर्णित राहिला. नोव्हेंबर २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध चेंडू पहिल्या दिवसापासून वळू लागला, आफ्रिकेचा पहिला डाव ७९ धावांत आटोपला आणि सामना तिसऱ्या दिवशी संपला. त्या सामन्यात कोणालाही अर्धशतक करता आले नाही, आणि सामनाधिकाऱ्यांनी खेळपट्टीला निकृष्ट शेरा दिला. त्यानंतर दोनच वर्षांनी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, याच मैदानावर भारताने श्रीलंकेविरुद्ध ६ बाद ६१० धावा केल्या. विराट कोहली यांच्या २१३ धावांसह चार फलंदाजांची शतके त्या एका डावात झाली. २०१५ मधील चाळीस धावा आणि २०१७ मधील शतक यांत मोठी खेळी कोणती, हे धावफलक सांगू शकत नाही. एका मैदानाच्या दोन वर्षांच्या अंतराची ही स्थिती, तर १९३६ चे मँचेस्टर आणि २०१० चे कोलंबो यांची गोष्टच वेगळी.

नियम व साधने

१९३५ पूर्वी उजव्या यष्टीबाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवर फलंदाज पायचीत होत नसे. नियम बदलल्यावर पॅड पुढे टाकून खेळण्याची मोकळीक कमी झाली. ब्रॅडमन यांची १९३० ची ९७४ धावांची विक्रमी मालिका या बदलाच्या आधीची आहे, पण बदलानंतरही त्यांची धावांची गती तशीच राहिली. हेल्मेट १९७७-७८ च्या सुमारास वापरात आले. गावसकर यांनी ते नाकारले आणि कारकिर्दीच्या उत्तरार्धात केवळ डोक्याच्या कडेचे रक्षण करणारे लहान कवच वापरले. एका षटकात किती उसळते चेंडू टाकावेत यावर १९९१ पर्यंत कसोटीत ठाम संख्यात्मक बंधन नव्हते. तेंडुलकर यांच्या बहुतेक कारकिर्दीत ते होते. दुसरीकडे, त्यांच्या पिढीला रिव्हर्स स्विंग, 'दूसरा' आणि प्रत्येक डावाचे चित्रफितीवरून होणारे विच्छेदन यांना तोंड द्यावे लागले. मर्चंट यांच्या उणिवा शोधायला प्रतिस्पर्ध्याकडे फक्त डोळे आणि आठवण होती.

सांख्यिकी पद्धती

या अडचणींवर उपाय म्हणून फलंदाजाच्या सरासरीची तुलना अन्य काळातील फलंदाजाशी न करता त्याच्याच समकालीनांशी करण्याची पद्धत रूढ झाली. १९५० च्या दशकात एकूणच धावा कमी होत, २००० नंतरच्या दशकात अधिक. म्हणून पहिल्या काळातील ४५ आणि दुसऱ्या काळातील ५० हे समान असू शकतात. ऑस्ट्रेलियन सांख्यिक चार्ल्स डेव्हिस यांनी प्रमाण विचलनाचा आधार घेऊन निरनिराळ्या खेळांतील श्रेष्ठ खेळाडूंची तुलना केली. त्यात ब्रॅडमन आपल्या खेळातील सर्वसाधारण पातळीच्या ४.४ प्रमाण विचलने वर असल्याचे दिसले. फुटबॉलपटू पेले यांचा आकडा ३.७ होता.

१९८७ मध्ये सुरू झालेल्या आणि नंतर आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने स्वीकारलेल्या मानांकनात प्रत्येक डावाला समोरच्या गोलंदाजांचा दर्जा, त्या सामन्यातील एकूण धावा आणि निकाल पाहून गुण दिले जातात. ताज्या डावांना वजन अधिक असते. जुन्या सामन्यांनाही ते लावून पाहिले गेले आहे. त्यानुसार ब्रॅडमन यांचे सर्वोच्च गुण ९६१, गावसकर यांचे ९१६ आणि तेंडुलकर यांचे ८९८ आहेत. मात्र हे शिखराचे मोजमाप आहे, संपूर्ण कारकिर्दीचे नाही. शिखर आणि पठार यांपैकी काय मोजायचे, हा निर्णय गणिताआधी माणसाला घ्यावा लागतो.

ज्यांना कसोटीचे आकडे नाहीत

वरील सर्व पद्धतींना कसोटीतील धावांची नोंद लागते. १९३२ पूर्वीच्या भारतीय फलंदाजांकडे ती नाही.

नागपूर येथे १८९५ मध्ये जन्मलेले सी. के. नायडू भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. सात कसोटींत त्यांची सरासरी नेमकी २५ आहे. केवळ या आकड्यावरून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ते सामान्य फलंदाज वाटतील. १ डिसेंबर १९२६ रोजी त्यांनी बॉम्बे जिमखान्यावर एमसीसी संघाविरुद्ध दोन तासांच्या आत ११ षटकारांसह १५३ धावा केल्या. भारताला कसोटी दर्जा मिळण्याच्या वाटचालीत ती खेळी महत्त्वाची मानली जाते. याच एमसीसी संघाविरुद्ध त्या महिन्यात १४८ धावा करणारे पुण्याचे प्राध्यापक दि. ब. देवधर १९३२ साली चाळिशीत होते. ते एकही कसोटी खेळले नाहीत. १९३९-४० व १९४०-४१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला, आणि पन्नाशी उलटल्यावर त्यांनी एका रणजी सामन्याच्या दोन्ही डावांत शतके केली.

पी. विठ्ठल यांच्या बाबतीत अडथळा केवळ काळाचा नव्हता. प्रसिद्ध गोलंदाज पी. बाळू यांचे हे धाकटे बंधू चर्मकार समाजातील होते. आपल्या पिढीतील उत्तम हिंदी फलंदाजांत त्यांची गणना होई, तरी बाळू यांना डावलल्याच्या वादानंतरच १९२३ मध्ये विठ्ठल यांच्याकडे हिंदू संघाचे कर्णधारपद आले. त्या वर्षी हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. भारताच्या पहिल्या कसोटीपर्यंत त्यांचा खेळ संपला होता. त्यांच्या फलंदाजीचे मूल्यमापन चौरंगी सामन्यांच्या नोंदी व समकालीनांच्या लेखनावरूनच करावे लागते, आणि कसोटी सरासरीवर आधारलेल्या कोणत्याही यादीत त्यांचा शोध घेणे व्यर्थ आहे.

कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर तर कसोटीच्या काळातच खेळत होते. डिसेंबर १९४८ मध्ये पुणे येथे काठियावाडविरुद्धच्या रणजी सामन्यात ते ४४३ धावांवर नाबाद असताना उपाहाराची वेळ झाली. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील तेव्हाचा विश्वविक्रम ब्रॅडमन यांच्या नावावर, ४५२ धावांचा होता. महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ झाली होती. काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार दिला आणि संघ मैदान सोडून गेला. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाची ती आजही सर्वोच्च धावसंख्या आहे. निंबाळकर यांना भारताकडून एकाही कसोटीत खेळवण्यात आले नाही.